पावतीवरची एक ओळ आणि चित्रावरचा हक्क

प्रश्न : मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहते. बँकेतून निवृत्त झाल्यावर हौस म्हणून जलरंगांत चित्रे काढू लागले. गेल्या वर्षी सोसायटीच्या सभागृहात आम्ही काही मैत्रिणींनी चित्रे मांडली, तेव्हा वाशीतील एका भेटवस्तूंच्या दुकानदारांनी माझे तलावपाळीचे चित्र 6,500 रुपयांना घेतले. त्यानंतर त्यांनी सांगितल्यावरून आणि त्यांनीच काढलेल्या फोटोवरून, मी त्यांच्या गावच्या घराचे चित्र 8,000 रुपयांत काढून दिले. यंदा ही दोन्ही चित्रे त्यांच्या दुकानात डायऱ्यांच्या मुखपृष्ठांवर दिसली आणि कोपऱ्यातली माझी सही कापलेली होती. विचारल्यावर ते म्हणाले, “चित्र पैसे मोजून घेतले आहे.” पहिल्या चित्राच्या पावतीवर त्यांनी “यापुढे या चित्रावर माझा कोणताही हक्क नाही” अशी ओळ लिहिली होती आणि त्याखाली मी सही केली होती. कॉपीराइटची नोंदणी केलेली नाही. दिवाळीपूर्वी पुन्हा प्रदर्शन भरवायचे आहे. काय करावे?

उत्तर : नोंदणीची काळजी आधी मनातून काढून टाका. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार हक्क चित्र काढल्याबरोबर निर्माण होतो आणि नोंदणी हा केवळ पुरावा असतो. आपल्याकडे त्याहून सोपा पुरावा आहे. चित्र तयार होताना ज्याचे नाव त्यावर होते तोच चित्रकार, असे कलम 55 नुसार उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. मूळ चित्रे दुकानदारांकडे असली तरी सही दिसेल असे त्यांचे फोटो आपल्या फोनमध्ये असतील, तर ते पुसू नका. असा पुरावा न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून तो फोनही सध्या बदलू नये हे बरे.

आता मूळ मुद्दा. आपली दोन चित्रे कायद्याच्या दृष्टीने एका पंक्तीतली नाहीत. तलावपाळीचे चित्र आपण स्वतःच्या मनाने काढले आणि नंतर विकले, त्यामुळे दुकानदारांकडे गेला तो चौकटीतला कागद, छापण्याचा हक्क नव्हे. ते चित्र भिंतीवर लावू शकतात, कुणाला भेट देऊ शकतात, विकूही शकतात, परंतु त्याच्या प्रती काढू शकत नाहीत. तलाव आणि कोपिनेश्वराचे मंदिर सर्वांचे आहे, हा त्यांचा संभाव्य युक्तिवाद इथे चालत नाही. त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तेच दृश्य नव्याने रंगवून घेतले असते तर आपल्याला हरकत घेता आली नसती, परंतु आपण रंगवलेले तलावाचे चित्र उचलून छापणे ही वेगळी गोष्ट आहे.

खरी अडचण त्या पावतीवरच्या ओळीची आहे आणि ती मी हलकी मानत नाही. कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर कलम 19 नुसार लेखी दस्त हवा, त्यावर देणाऱ्याची सही हवी आणि कोणते चित्र, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशापुरते व किती मोबदल्यात हे त्यात नमूद हवे. आपल्या पावतीत यातील रक्कम आणि सही सोडली तर काहीच नाही. दुकानदारांचे वकील मात्र म्हणतील की मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर संपूर्ण भारत धरतो, म्हणून ही त्रुटी दस्ताला मारक नाही. त्यावर माझे उत्तर असे राहील की मुदत आणि प्रदेश या रिकाम्या जागा कायदा भरून देत असला, तरी कोणता हक्क दिला हे तो भरून देत नाही. “या चित्रावर” या शब्दांचा साधा अर्थ हातात दिलेले चित्र असाच होतो. शिवाय हक्क कायमचा सोडून द्यायचा तर कलम 21 नुसार कॉपीराइट निबंधकांना (रजिस्ट्रार) विहित नमुन्यात कळवावे लागते किंवा जाहीर सूचना द्यावी लागते. बाजू आपली बळकट आहे, पण निर्विवाद नाही, हे लक्षात ठेवून तडजोडीचा आकडा ठरवावा.

घराच्या चित्राबाबत मात्र आपल्याला आवडणार नाही असे सांगावे लागेल. मोबदला देऊन, सांगून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला कॉपीराइटधारक, उलट करार नसल्यास, काढून घेणारा असतो, असे कलम 17 सांगते. ऑर्डरवर चित्रे काढणाऱ्या हौशी मंडळींना हे बहुधा ठाऊक नसते. हा उलट करार लेखीच हवा असे त्या कलमात म्हटलेले नाही. त्यामुळे व्हॉट्सॲपवरील संभाषण नीट चाळून पाहा. “दिवाणखान्यात लावण्यापुरते हवे आहे” अशासारखे त्यांचे वाक्य सापडले तर त्याचा उपयोग करता येईल. न सापडल्यास डायरीवर ते चित्र छापण्यास हरकत घेण्यात अर्थ नाही.

सही कापण्याची गोष्ट निराळी. कलम 57 प्रमाणे चित्राचे कर्तेपण सांगण्याचा अधिकार कॉपीराइट दुसऱ्याकडे गेल्यावरही चित्रकाराकडेच राहतो. विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाच्या हानीबद्दल शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी सरकारविरुद्ध याच कलमाच्या आधारे दाद मागितली होती आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना 5 लाख रुपये भरपाई मंजूर केली. म्हणून दोन्ही चित्रांसाठी आपले नाव छापण्याची मागणी आपण करू शकता.

आधी दुकानातून एक डायरी पक्क्या बिलासह विकत घ्या आणि मग वकिलामार्फत नोटीस पाठवा. नोटिशीत तलावपाळीच्या डायऱ्यांची विक्री थांबवणे, छापलेल्या व विकलेल्या प्रतींचा हिशेब आणि भरपाई मागावी. नोटीस मिळाल्यानंतर “मला कल्पना नव्हती” हा बचाव त्यांना उरत नाही. दावा जिल्हा न्यायालयातच चालतो, आपण राहता त्या ठिकाणी तो दाखल करता येतो आणि वाशीही ठाणे जिल्ह्यातच असल्याने त्यावर वाद होऊ नये. भरपाईच्या दाव्याची मुदत भंगाच्या तारखेपासून तीन वर्षे आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खाली फौजदारी तक्रारही करता येते, पण जिथे पावतीच्या अर्थावरच वाद आहे तिथे आधी पोलीस ठाण्याची पायरी चढावी असे मला वाटत नाही.

दिवाळीच्या प्रदर्शनात प्रत्येक चित्राला स्वतंत्र बिल द्या. त्यावर चित्राचे नाव, आकार, माध्यम आणि किंमत लिहून पुढे असे छापून घ्या : “फक्त मूळ चित्राची विक्री. छपाई, प्रती व इतर वापराचे सर्व हक्क चित्रकाराकडे राखीव.” ऑर्डरचे चित्र असेल तर हेच वाक्य आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी संदेशात पाठवून होकार मिळवा, कारण चित्र दिल्यानंतर त्याला करार म्हणणे कठीण जाते. राज्यातल्या राज्यात केवळ वस्तूंची विक्री असेल आणि वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची गरज सहसा पडत नाही. उत्पन्न मात्र विवरणपत्रात दाखवावे. बिलाच्या दोन प्रती करा आणि आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर खरेदीदाराची सही घ्या. त्यांनी हाताने काही लिहिले असेल तर चष्मा लावून वाचल्याशिवाय त्याखाली सही करू नका.