ट्रेसीच्या कबरीवरची फुलं

प्रश्न : ‘नो टाइम टू डाय’च्या शेवटी जेम्स बाँड मेला. आता नवा नट घेऊन मालिका पुढे चालवणार म्हणे. डोळ्यांदेखत मेलेला माणूस दुसरा चेहरा लावून आला, तर आम्ही ते का मानायचं? मला तर नट बदलला की तो बाँड वाटतच नाही.
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची हळहळ मी जाणतो. २०२१ साली तो चित्रपट संपला तेव्हा श्रेयनामावली सरेपर्यंत मी खुर्चीतून उठलो नाही. नावांच्या शेवटी नेहमीची ओळ आलीच, ‘जेम्स बाँड परत येईल’. ती वाचली आणि मगच बाहेर पडलो.

पण नट बदलला की बाँड राहत नाही, हे मला पटत नाही. माझ्या मनातली ही गाठ पुण्याच्या अलका टॉकीजमध्ये सुटली. ‘फॉर युअर आइज ओन्ली’, १९८१चा चित्रपट, बाँड होता रॉजर मूर. सुरुवातीलाच तो हातात फुलं घेऊन चर्चच्या आवारातल्या एका कबरीपाशी येतो. दगडावर कोरलेलं असतं : टेरेसा बाँड, १९४३–१९६९, जेम्स बाँडची लाडकी पत्नी. शेजारी बसलेला माझा थोरला भाऊ हळूच म्हणाला, “ही ट्रेसी. पण हिचं लग्न याच्याशी नाही, त्या दुसऱ्याशी झालं होतं.”

तो दुसरा म्हणजे जॉर्ज लेझनबी. चित्रपट १९६९चा, ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’. लग्न करून निघालेली जोडी वाटेत थांबते, बाँड गाडीवरची फुलं काढायला उतरतो, तेवढ्यात शत्रूची गाडी बाजूनं गोळ्या झाडत जाते. पुढच्या काचेला भोक पडलेलं आणि आत डायना रिगची ट्रेसी गेलेली. बारा वर्षांनी तिच्या कबरीवर फुलं ठेवायला येतो तो मूर. पुढे १९८९च्या ‘लायसन्स टू किल’मध्ये बाँड झालेला असतो टिमथी डाल्टन. मित्राच्या लग्नात नवी नवरी त्याला ‘आता तुझा नंबर’ असं सुचवते आणि त्याचा चेहरा उतरतो. मित्र बायकोला सांगतो, याचं लग्न झालं होतं एकदा, फार जुनी गोष्ट. चेहरे तीन, पण तिघेही एकाच बाईचे नवरे. त्या दिवसापासून मला बाँडचा चेहरा बदललेला खटकत नाही. त्याचं दुःख तेच राहिलं पाहिजे, इतकंच माझं म्हणणं आहे.

हे जुळून यायला भोवतालची माणसंही लागतात. लेझनबी पहिल्यांदा ऑफिसात आला तेव्हा एमच्या, म्हणजे बाँडच्या साहेबाच्या, खुर्चीत बर्नार्ड लीच होता, बाहेर साहेबाची सेक्रेटरी मनीपेनी म्हणून लोइस मॅक्सवेलच होती. घरात नवा जावई आला तरी माणसं जुनीच असली की तो लवकर रुळतो. त्याच चित्रपटात बाँड राजीनामा द्यायला निघतो, टेबलाचा खण रिकामा करतो आणि आधीच्या चित्रपटांतल्या वस्तू एकेक करून बाहेर काढतो. या वस्तू लेझनबीच्या आधीच्या, शॉन कॉनरीच्या बाँडनं जमवलेल्या. त्या आता याच्या खणात आहेत.

मेलेल्या माणसाचं म्हणाल, तर ‘नो टाइम टू डाय’मधल्या बाँडची, डॅनियल क्रेगची, गोष्ट २००६च्या ‘कसिनो रोयाल’पासून वेगळी मांडलेली होती. तिथं बाँडला डबल-ओ हा दर्जाच, म्हणजे जीव घेण्याचा परवाना, नुकता मिळतो. म्हणजे मेला तो त्या गोष्टीतला बाँड. तरीही त्या गोष्टीत एम होती जुडी डेंच, क्रेगच्या आधीच्या बाँडच्या, पिअर्स ब्रॉस्ननच्या, काळापासूनची. आणि ‘नो टाइम टू डाय’च्या शेवटी लुई आर्मस्ट्राँगचं जे गाणं वाजतं, ते ट्रेसीच्या चित्रपटातलं. मला हुंदका आला तो तिथं.

प्रश्न : लेझनबी ठोकळा होता म्हणून एकाच चित्रपटानंतर त्याला हाकललं ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही हो, त्याच्यावर हा अन्याय आहे. तो आपण होऊन गेला. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, जाहिरातींतला मॉडेल, चित्रपटाचा अनुभव शून्य. कॉनरी ज्याच्याकडे केस कापायचा त्याच न्हाव्याकडे जाऊन केस कापून आला, कॉनरीसाठी शिवलेला पण त्यानं न नेलेला सूट अंगात घातला आणि निर्मात्यांपुढे उभा राहिला. पुढे सल्लागारानं त्याच्या डोक्यात भरवलं की हिप्पींच्या जमान्यात असला नायक चालायचा नाही. चित्रपटाच्या पहिल्या खेळाला तो दाढी आणि लांब केस वाढवून आला. शेवटच्या प्रसंगात बायकोचं डोकं मांडीवर घेऊन, ती जरा विश्रांती घेतेय, असं पोलिसाला सांगतानाचा त्याचा आवाज ऐका आणि मग त्याला ठोकळा म्हणा.

त्यानंतर कॉनरीला साडेबारा लाख डॉलर देऊन परत आणलं. ते पैसे त्यानं स्कॉटलंडमधल्या शैक्षणिक ट्रस्टला दिले. १९७३मध्ये मूर आला तेव्हा मात्र निर्माते शहाणे झाले होते. त्याला कॉनरीची नक्कल करायलाच लावली नाही. मार्टिनीऐवजी बर्बन व्हिस्की, सिगारेटऐवजी सिगार. एमसुद्धा ऑफिसात न भेटता पहाटे बाँडच्या घरी येतो.

प्रश्न : नव्या नटाची परीक्षा घेतात कशी?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधला हॉटेलच्या खोलीतला प्रसंग वर्षानुवर्षं करून घेतात. बाँडला खोलीत कुणाची तरी चाहूल लागते, तो पिस्तूल घेऊन आत जातो, तर पलंगावर रशियन नायिका तात्याना. सावधपणा, मोह आणि थट्टा, सगळं दोन-चार मिनिटांत दाखवायचं. १९८६मध्ये सॅम नीलनं चाचणी दिली होती. ‘कसिनो रोयाल’च्या वेळी हेन्री कॅव्हिल जेमतेम बाविशीचा होता, लहान दिसतो म्हणून त्याची संधी हुकली. ब्रॉस्नन तर १९८६मध्ये ठरल्यात जमा होता, पण टीव्ही मालिकेच्या करारानं अडकला आणि त्याचा पहिला बाँडपट यायला १९९५ उजाडलं.

आता मालिकेची कलात्मक सूत्रं निर्मात्या ब्रॉकली कुटुंबाकडून अ‍ॅमेझॉनकडे गेली आहेत आणि दिग्दर्शनासाठी डेनी व्हिलनव्हचं नाव २०२५मध्ये जाहीर झालं. माझी त्यांना मनापासून विनंती आहे, हॉटेलच्या खोलीबरोबर कबरीचा प्रसंगही करून घ्या. मूर वाकून फुलं ठेवतो तेव्हा त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही.