कोकणासमोरच्या समुद्राखालचं तेल काढलंच नाही, तर त्याचं काय होतं?

माणसाच्या हिशेबात काहीच नाही. ते लाखो वर्षं तिथेच पडून राहतं. मुंबईसमोरच्या समुद्रातल्या ‘मुंबई हाय’ या तेलक्षेत्राचं तेल सापडलं १९७४ साली, पण ते मायोसीन काळातल्या, म्हणजे कोट्यवधी वर्षं जुन्या चुनखडकाच्या बारीक छिद्रांत भरलेलं आहे (खाली तळं वगैरे नसतं), आणि वरचा शेलचा (चिखल दाबून झालेल्या घट्ट खडकाचा) थर त्याला हलू देत नाही. खरा खेळ तापमानाचा. साधारण ८० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात, तेल-पाणी भेटतं तिथले जिवाणू हलका भाग खातात आणि मागे डांबरासारखं जड तेल उरतं. १५० च्या बरंच वर गेलं की तेल तुटून वायू होतो. वरच्या थराला भेग पडली तर मात्र ते वर झिरपतं. पावसाळ्यात किनाऱ्यावर पायाला चिकटणारे डांबराचे गोळे हा त्याचा पुरावा धरू नका. ते सहसा जहाजांनी सोडलेल्या किंवा तेलविहिरींवरून सांडलेल्या तेलाचे असतात.