नऊ वाजून पंच्याहत्तर मिनिटे

या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे पदवीच्या पहिल्या वर्षात प्रोग्रामिंग शिकणाऱ्या वाचकांची आहेत.

प्रश्न : वर्गात प्रोग्राम सोडवून दाखवला की प्रत्येक ओळ कळते. लूप, फंक्शन, ॲरे यांच्या व्याख्याही येतात. मात्र असाइनमेंट घेऊन कोऱ्या स्क्रीनपुढे बसले की पहिली ओळच सुचत नाही. माझ्याकडे तर्कबुद्धीच नाही, असे समजावे का?

उत्तर : तसे समजण्याचे काही कारण नाही. दुसऱ्याने सोडवलेल्या प्रोग्राममध्ये सर्व निर्णय आधीच घेतलेले असतात आणि आपण अडखळतो ते नेमके त्या निर्णयांपाशी. समजा, दिलेल्या संख्यांमधली दुसऱ्या क्रमांकाची मोठी संख्या शोधायची आहे आणि संख्या ७, ३, ९, ९, ४ अशा आहेत. उत्तर ७ की ९? असाइनमेंट याबाबत बहुधा गप्प असते, आणि हे ठरल्याशिवाय कीबोर्डला हात लावण्यात अर्थ नसतो. सात असे ठरवले, तर ही रांग कागदावर लिहा, तळहाताने झाका आणि डावीकडून एकेक आकडा उघडा करत जा, कारण प्रोग्रामलाही एका वेळी एकच आकडा दिसतो. आतापर्यंतचा सर्वांत मोठा आणि त्याच्या खालोखालचा असे दोन आकडे लक्षात ठेवावे लागतात, हे लगेच जाणवेल. म्हणजे दोन व्हेरिएबल लागणार. सर्वांत मोठ्याहून मोठा आकडा आला, तर जुना मोठा आधी दुसऱ्या जागी उतरवायचा आणि मगच नव्याला पहिली जागा द्यायची, कारण हा क्रम उलटा झाला की जुना आकडा पुसला जातो. दोन्ही व्हेरिएबलांची सुरुवात शून्याने केली असेल, तर −५, −२, −८ ही रांग चालवून पाहा. उत्तर शून्य येईल, आणि शून्य तर त्या रांगेत कोठेच नाही.

ही सगळी खटपट म्हणजेच प्रोग्रामिंग असते आणि ओळी टाइप करणे हा त्यातला किरकोळ भाग असतो. प्रोग्राम चालवण्याआधी काय छापले जाईल, ते वहीत लिहून ठेवण्याची शिस्त लावून घ्या. अंदाज चुकला की नेमके कोठे चुकले ते शोधण्यात जो अर्धा तास जातो, तोच खरा अभ्यासाचा. तयार उत्तर मैत्रिणीकडून घेतले काय किंवा एआयकडून घेतले काय, हा अर्धा तास तुमच्या वाट्याला येत नाही.

प्रश्न : ‘क्लास हा साचा आणि ऑब्जेक्ट ही त्या साच्यातून काढलेली वस्तू’ हे वाक्य लिहून परीक्षेत गुण मिळाले. पण जे काम साध्या फंक्शनने होते त्यासाठी क्लास का लिहायचा, आणि व्हेरिएबल प्रायव्हेट करून पुन्हा त्याला गेटर-सेटर (किंमत वाचणारी आणि बदलणारी फंक्शने) जोडण्यात काय साधते, हे अजूनही कळलेले नाही.

उत्तर : साच्याची उपमा चुकीची नाही, पण क्लासची गरज कोणत्या अडचणीतून निर्माण होते ते तिच्यातून कळत नाही. ती अडचण जवळून पाहू. तुमच्या प्रोग्राममध्ये वेळ ही तास आणि मिनिटे अशा दोन पूर्णांकांत ठेवली आहे आणि दहा ठिकाणी तिच्यात काही मिनिटे मिळवली जातात, असे धरा. ९:५० मध्ये २५ मिनिटे मिळवली की मिनिटे साठाच्या पुढे जातात. मग त्यांतून साठ वजा करून तास एकने वाढवावा लागतो. नऊ ठिकाणी तुम्ही ते केले आणि दहाव्या ठिकाणी विसरलात, तर स्क्रीनवर ९:७५ उमटते. कंपायलरची (प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या सॉफ्टवेअरची) काहीच तक्रार नसते, कारण त्याच्या लेखी ७५ हा इतर पूर्णांकांसारखाच एक पूर्णांक. चूक शोधायची तर दहाही जागा धुंडाळाव्या लागतात.

क्लास लिहून तास आणि मिनिटे प्रायव्हेट केली, की त्यांना हात लावण्याचा अधिकार त्या क्लासच्या मेथडपुरताच, म्हणजे क्लासच्या आत लिहिलेल्या फंक्शनपुरताच उरतो. नवा ऑब्जेक्ट तयार करणारा कन्स्ट्रक्टर ७५ मिनिटे स्वीकारत नाही, मिळवणारी मेथड हातचा सांभाळते, आणि ९:७५ ही वेळ तयारच होऊ शकत नाही. पुढे एखाद्या दिवशी तुम्ही दोन पूर्णांकांऐवजी मध्यरात्रीपासूनची एकूण मिनिटे एकाच पूर्णांकात ठेवायचे ठरवले, तर ९:५० चे ५९० होतात, २५ मिळवून ६१५ येतात आणि साठाने भागले की १० तास व १५ मिनिटे हाती येतात. रात्रीच्या २३:५० चे १४३० होतात. त्यांत २५ मिळवून आलेल्या १४५५ ला दिवसाच्या १४४० मिनिटांनी भागले की बाकी १५ उरते, म्हणजे ०:१५. क्लासच्या पोटात एवढी उलथापालथ झाली तरी बाहेरच्या दहा जागांना त्याचा पत्ताही लागत नाही. एन्कॅप्सुलेशन म्हणतात ते हेच.

गेटर-सेटरविषयीची तुमची शंका रास्त आहे. प्रायव्हेट मिनिटांना कोणतीही तपासणी न करणारा सेटर जोडणे म्हणजे पुढच्या दाराला कुलूप घालून मागचे दार सताड उघडे ठेवणे. एडिटर एका क्लिकवर ते सगळे तयार करून देतो म्हणून ते ठेवायचे, या सवयीइतकी निरुपयोगी सवय पहिल्या वर्षात दुसरी लागत नसावी. ‘मिनिटे बदल’ यापेक्षा ‘इतकी मिनिटे पुढे सरकव’ अशी कामाच्या नावाची मेथड लिहा. क्लासची कल्पनाही कामाच्या गरजेतूनच आली आहे : ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा घडवली ती सिम्युलेशनसाठी, म्हणजे खऱ्या व्यवहाराची संगणकावर नक्कल करण्यासाठी, जेथे एकाच प्रकारचे अनेक घटक एकाच वेळी वावरतात आणि प्रत्येकाला आपापली स्थिती सांभाळावी लागते.

प्रश्न : जावा या भाषेत मी ‘सुरुवात’ या नावाने ९:५० ही वेळ तयार केली, ‘शेवट = सुरुवात’ असे लिहिले आणि शेवट २५ मिनिटे पुढे सरकवला. छापून पाहिले तर सुरुवातही १०:१५ झालेली. ही कंपायलरची चूक आहे का?

उत्तर : कंपायलर निर्दोष आहे. (व्हेरिएबलांना देवनागरी नावे दिलेली पाहून आनंद झाला, जावा आणि पायथन ३ दोन्ही ती स्वीकारतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) कागदावर प्रत्येक ऑब्जेक्टसाठी एक चौकोन काढा, प्रत्येक व्हेरिएबलसाठी एक चिठ्ठी काढा आणि चिठ्ठीतून चौकोनाकडे बाण न्या. तुमच्या प्रोग्राममध्ये नवा ऑब्जेक्ट घडवणारे ‘न्यू’ एकदाच आले आहे, म्हणून चौकोनही एकच आहे. ‘शेवट = सुरुवात’ या ओळीने फक्त बाण उतरवून घेतला, त्यामुळे दोन्ही चिठ्ठ्या त्याच चौकोनाकडे बोट दाखवतात. साध्या पूर्णांकांच्या बाबतीत किंमतच उतरवली जाते, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत ही अडचण कोणाला दिसत नाही. पायथनमध्येही ऑब्जेक्ट असेच वागतात, तर सी++ मध्ये अशाच ओळीने अख्खा ऑब्जेक्ट उतरवला जातो. एका भाषेतून दुसरीत जाताना भलेभले फसतात ते येथेच. जावात दोन ऑब्जेक्टांमध्ये दुहेरी बरोबरचे चिन्ह टाकल्यावर तुलना होते तीही बाणांचीच, त्यामुळे आतला मजकूर ताडून पाहायला ‘इक्वल्स’ ही मेथड लागते.

यावर चांगला उपाय म्हणजे वेळेचा ऑब्जेक्ट एकदा तयार झाल्यावर बदलूच द्यायचा नाही, आणि मिनिटे मिळवणाऱ्या मेथडने दर वेळी नवा ऑब्जेक्ट परत करायचा. २०१४ मध्ये जावा ८ सोबत आलेला ‘लोकलटाइम’ हा क्लास असाच आहे. मात्र तो वापरताना मेथडने परत केलेली वेळ व्हेरिएबलमध्ये साठवायला विसरलात, तर या वेळी ‘काहीच कसे बदलले नाही?’ असे विचारणारे पत्र तुम्ही पाठवाल.

प्रश्न : ‘कुत्रा हा प्राणी आहे’ यावरून इनहेरिटन्स (एका क्लासच्या मेथड दुसऱ्याला वारशाने मिळणे) शिकवले गेले. प्रत्यक्ष प्रोजेक्टमध्ये ते कोठे वापरावे, हे कसे ओळखायचे?

उत्तर : कुत्र्याच्या उदाहरणात अडचण अशी, की त्यात काही चुकूच शकत नाही. चुकलेले उदाहरण जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत आहे. तेथे ‘स्टॅक’ हा क्लास ‘व्हेक्टर’पासून इनहेरिट केलेला आहे. स्टॅक म्हणजे वह्यांची चळत : ठेवायची ती वर आणि काढायची तीही वरूनच. व्हेक्टरमध्ये मात्र हव्या त्या क्रमांकावर घटक घुसवता येतो, आणि इनहेरिटन्समुळे ती मेथड स्टॅककडेही आपोआप आली. परिणामी चळतीच्या मधोमध वही खुपसली तरी स्टॅकला आक्षेप घेता येत नाही. जावाचे अधिकृत दस्तऐवजही आता स्टॅकऐवजी ‘डेक’ (दोन्ही टोकांना ठेव-काढ करता येणारी रांग) वापरण्याची शिफारस करतात.

संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेली कसोटी येथे कामी येते : जेथे मूळ क्लासचा ऑब्जेक्ट चालतो, तेथे उपक्लासचा ऑब्जेक्ट ठेवला तरी बाकीच्या प्रोग्रामचा अपेक्षाभंग होता कामा नये. नुसती मेथड फुकटात मिळावी म्हणून इनहेरिटन्स वापरायचा मोह झाला, तर तो जुना क्लास तुमच्या क्लासमध्ये प्रायव्हेट व्हेरिएबल म्हणून ठेवा आणि हव्या तेवढ्याच मेथड बाहेर उघड्या करा. चळतीसाठी ‘वर ठेव’, ‘वरून काढ’ आणि ‘रिकामी आहे का’ या तीन पुरतात.