सेंट मेरीज कॉलेज: दोन नोबेलवाली शाळा

कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुशियासारख्या एवढ्याशा बेटावरच्या एकाच शाळेतून दोन नोबेल विजेते निघाले, तर तिथे असं काय शिकवतात, असा तुमचा प्रश्न आहे. मला विचाराल तर शिकवण्यापेक्षा प्रवेशाकडे आधी बघा.

नावात कॉलेज असलं तरी ही मुलग्यांची माध्यमिक शाळा आहे. १८९० मध्ये सुरू झालेली, कॅथलिक. सध्या ती राजधानी कॅस्ट्रीजलगत व्हिजीला आहे, विमानतळाच्या जवळच. कित्येक दशकं बेटावर मुलग्यांसाठी माध्यमिक शिक्षणाची सोय एवढीच होती. त्यामुळे आर्थर लुईस (अर्थशास्त्र, १९७९) आणि डेरेक वॉलकॉट (साहित्य, १९९२) दोघंही इथेच शिकले यात नवल नाही; दुसरीकडे जाणार कुठे? दोघांचा वाढदिवस २३ जानेवारी, हा मात्र निव्वळ योगायोग.

एम.ए.ला अर्थशास्त्र घेतलेल्यांनी लुईसचं मॉडेल घोकलेलं असेल: शेतीतले जादा हात हळूहळू कारखान्यांकडे वळतात, ते. हा माणूस चौदाव्या वर्षी शाळेचा सगळा अभ्यासक्रम संपवून बसला होता. लहानपणी आजारी पडला तेव्हा शिक्षक असलेल्या वडिलांनी घरीच असं शिकवलं की परत आल्यावर थेट दोन इयत्ता पुढे बसवावं लागलं. म्हणजे श्रेय शाळेचं की घरचं? पुढे वय कमी म्हणून इंग्लंडला शिकायला पाठवणाऱ्या सरकारी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसता येईना, तोवर सरकारी कचेरीत कारकुनी केली. व्हायचं होतं इंजिनिअर, पण काळ्या इंजिनिअरला ना सरकार नोकरी देणार, ना साखरमळेवाले.

वॉलकॉटचं घर मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांपैकी, शाळा कॅथलिक. ती ओढाताण त्याला जन्मभर पुरली. आईही शिक्षिकाच. अठरा वर्षांच्या पोराला कवितांचं पुस्तक छापायला तिनं दोनशे डॉलर दिले. (आपल्याकडे किती आया देतील?) प्रती त्यानं स्वतःच विकल्या, आणि पुढे काही काळ याच शाळेत शिकवलंही.

शाळा चांगली आहेच, शिस्तीची आहे. पण तिच्या दाराबाहेर राहिलेल्या मुलांची यादी कुणी ठेवली नाही. बेटावर प्रत्येक मुलाला माध्यमिक शाळेत जागा मिळायला २००६ उजाडावं लागलं.