लॅसिक्सची गोळी चालू होती, मग तेच औषध शिरेतून कशाला?

तुम्ही म्हापशाहून विचारलंत: हृदय कमजोर असलेल्या वडिलांना रोज ४० मिलीग्रॅम लॅसिक्स, म्हणजे अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी, चालू असूनही पाय सुजले, रात्री आडवं पडवेना, आता बांबोळीच्या इस्पितळात तेच औषध इंजेक्शनने देतायत, मग घरीच गोळ्या वाढवल्या असत्या तर?

बहुधा भागलं नसतं. सूज पायांवर दिसते, पण आतड्याची भिंतही तशीच सुजलेली असते. फ्युरोसेमाइड, म्हणजे लॅसिक्समधलं औषध, एरवीही तोंडावाटे सरासरी निम्मंच रक्तात उतरतं. सुजलेल्या आतड्यातून तेही रेंगाळत. मूत्रपिंडापाशी त्याची ठरावीक पातळी गाठली गेली नाही, तर लघवी वाढतच नाही. शिरेतून दिलं की पाचेक मिनिटांत काम सुरू, अर्ध्या तासात पूर्ण जोर, दोनेक तासांत ओसरलं. पहिला डोस सहसा घरच्या दिवसभराच्या डोसाच्या एक ते दोन पट असतो, म्हणजे त्यांच्यासाठी ४० ते ८० मिलीग्रॅम. मोठा डोस मिनिटाला ४ मिलीग्रॅमहून वेगाने ढकलत नाहीत. वेगाने दिलं तर कानात गुणगुण होते, कधी ऐकूही कमी येतं.

रक्तदाब फारच खाली असेल तर पंपावर डोब्युटामिन, म्हणजे हृदयाच्या ठोक्याला जोर देणारं औषध, लावतात. आकडा ताशी ३.६ मिलि दिसला की 'एवढंसंच?' असं वाटतं. पण ५० मिलिच्या सिरिंजमध्ये २५० मिलीग्रॅम भरलेलं असेल, तर ६० किलोच्या माणसाला ते किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम पडतं. या नळीतून लॅसिक्स सोडायचं नसतं: एक आम्लधर्मी, दुसरं अल्कधर्मी, नळीतच साका धरतो.

माझ्या मते तुमचं खरं काम लघवीच्या भांड्यापाशी आहे. पहिल्या सहा तासांत ताशी १००-१५० मिलिपेक्षा कमी झाली, तर डॉक्टर सहसा पुढचा डोस दुप्पट करतात. लघवी न मोजता संडासात ओतली, की कागदावर आकडा पडतो कमी आणि डोस वाढतो विनाकारण. आत गेलेलंही मोजा. पाणी दीड लिटरवर बांधलं असेल, तर सकाळची पेज त्यातच धरायची; ती कोणी धरत नाही! लघवीवाटे पोटॅशियम जातं आणि ठोके बिघडू शकतात, म्हणून वरचेवर रक्त काढतात. ते भरून काढायला शहाळं मात्र परस्पर देऊ नका. सोबत स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे पोटॅशियम अंगात राखणारं लघवीचं औषध, असेल तर उलट पोटॅशियम चढतं.

पुन्हा गोळीवर आणल्यावर साधारण एक दिवस लघवी आणि वजन बघूनच घरी सोडलेलं बरं. घरी रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाआधी, एकाच काट्यावर वजन. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर दम लागायची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. सुक्या बांगड्याची किसमूर आणि लोणचं बंद. गुडघेदुखीवर फार्मसीतून डायक्लोफेनॅकही आणू नका. ते मीठपाणी अंगात अडवतं, आणि मग शिरेतलं लॅसिक्ससुद्धा तोकडं पडतं.