रोजच्या सायकलवर मीडियम फॉरमॅट (रुंद रोल फिल्मचा) कॅमेरा सोबत ठेवता येतो का?

ठेवता येतो. तुम्ही बॅग कोणती घ्यावी असे विचारले आहे. परंतु सायकलच्या धक्क्यांनी कॅमेरा बिघडतो आणि ट्रायपॉडवाचून या कॅमेऱ्याने फोटो काढणे म्हणजे फिल्मची नासाडी, असे एका जाणकाराने सांगितल्याचेही तुम्ही लिहिले आहे. नेमके हेच वाक्य मी अनेक वर्षे ऐकले असल्यामुळे आधी त्याविषयी लिहितो.

मी सोलापुरात साखर पेठेत राहतो आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत एका चादरींच्या कारखान्यात हिशेब पाहतो. जाणे-येणे सायकलनेच. माझ्याकडे याशिका मॅट १२४ जी हा दोन भिंगांचा कॅमेरा आहे. वरच्या भिंगातून बघून फोकस करायचा, खालच्यातून फोटो निघतो. ज्यांच्याकडे मी डार्करूमचे काम शिकलो, त्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू. कॅमेरा फोमच्या डब्यात घालून कॅरिअरवर घट्ट बांधावा, हा सल्ला त्यांचाच होता आणि मी तो दोन-तीन महिने निष्ठेने पाळला.

वाटेवर एका डाइंगच्या, म्हणजे सूत रंगवण्याच्या कारखान्याच्या, आवारात रंगवलेल्या सुताच्या लडी बांबूंवर वाळत घातलेल्या असतात. हिवाळ्यात सकाळी आठच्या सुमारास तिरपे ऊन त्या लडींमधून येते, तेव्हा कृष्णधवल फिल्मवरही ओले सूत आणि सुकलेले सूत वेगळे दिसते. मी त्या जागेवर संपूर्ण रोल, म्हणजे बारा फोटो, खर्च केला. निगेटिव्ह धुऊन पाहिल्या, तर बाराही फोटोंत लडी धूसर होत्या. अण्णांनी भिंगातून पाहून लगेच निकाल दिला की हात हलला आणि ट्रायपॉड हवाच होता. परंतु लडींच्या मागे दहा-बारा फुटांवर असलेल्या भिंतीची वीट न् वीट मोजता येत होती. हात हलला असता तर भिंतही हलली असती. हे मी म्हटले, तेव्हा ‘तू कारकून आहेस, हिशेबच करणार’ असे ते सर्वांसमोर म्हणाले. ते मला आजही लागते.

त्या रात्री मी कॅमेऱ्याचे मागचे दार उघडले, फिल्म जिथे टेकते तिथे बटरपेपर ताणून चिकटवला, शटर ‘बी’वर, म्हणजे दाबून धरले तोवर उघडे राहील असे, ठेवून केबलने उघडे अडकवले आणि भिंग ३.५ वर पूर्ण मोकळे करून समोरच्या दिव्यावर फोकस केला. वरच्या, फोकस बघण्याच्या काचेवर दिवा रेखीव होता आणि बटरपेपरवर पसरट. वरचे, म्हणजे बघण्याचे भिंग ज्या बारीक स्क्रूने जागेवर धरलेले असते तो सैल होऊन भिंग किंचित फिरले होते. दोष हाताचा नव्हता, कॅमेऱ्याचाही नव्हता, कॅरिअरचा होता. मागच्या चाकाचा प्रत्येक खड्डा कॅरिअरच्या लोखंडातून थेट डब्यात जातो आणि फोम कॅमेऱ्याला ओरखड्यांपासून जपत असला, तरी ती सततची थरथर थांबवत नाही. बटरपेपरची तपासणी दाखवण्यासाठी मी कॅमेरा अण्णांकडे नेला होता. त्यांनी तो हातात घेतला नाही.

तेव्हापासून कॅमेरा माझ्या पाठीवर तिरप्या पट्ट्याने असतो आणि दुसरा आडवा पट्टा त्याला कमरेशी आवळून धरतो. आपले गुडघे, कोपर आणि पाठीचा कणा जे धक्के झेलतात ते कोणताही फोम झेलत नाही. भिंगे मी स्वतःच पुन्हा जुळवून घेतली आणि त्यानंतर तो स्क्रू एकदाही सैल झालेला नाही.

ट्रायपॉडचा आग्रह तर मला मुळातच चुकीचा वाटतो. या कॅमेऱ्यात फोटोच्या क्षणी आरसा उडत नाही, शटर भिंगातच असते आणि पट्टा मानेवर ताणून कॅमेरा पोटाशी धरला, तर १/६० सेकंदाच्या शटरलाही मला स्वच्छ निगेटिव्ह मिळते. सोलापूरच्या उन्हात १०० आयएसओच्या फिल्मला एफ १६ वर, म्हणजे भिंगाचे छिद्र बारीक ठेवूनही, १/१२५ मिळतो. तिथे तीन पायांची गरज कोणाला आहे? ट्रायपॉड बांधून निघालेला माणूस ठरवलेल्या जागी जातो. मला मात्र हव्या त्या लडी ऑफिसच्या वाटेवर, एक पाय जमिनीवर टेकून उभा राहिल्यावर मिळाल्या, कारण मी त्याच रस्त्याने रोज जातो आणि ऊन कोणत्या महिन्यात कुठे पडते हे मला ठाऊक आहे.

हे सारे हलक्या कॅमेऱ्याविषयी आहे, हे मात्र सांगायला हवे. मामिया आरबी ६७ सारखे अडीच किलोचे धूड पाठीवर घेऊन रोज सायकल चालवू नका. पहाटे सिद्धेश्वर तलावाकाठी १/१५ किंवा त्याहून सावकाश शटर लागत असेल, तर ट्रायपॉड लागतो. तिथे अण्णांचे म्हणणे बरोबर आहे. एप्रिल-मेमध्ये कॅमेरा उन्हात सायकलला अडकवून ठेवू नका. पावसात काळी माती मडगार्डमध्ये भरून चाक अडते, तेव्हा मी कॅमेरा घरीच ठेवतो.

बॅग कापडी असली तरी चालेल, पण ती पाठीला घट्ट बसली पाहिजे. रोल सावलीत बदला आणि भरलेला रोल सैल सुटू न देता लगेच कागदी पट्टी चिकटवा. कडेने प्रकाश शिरला तर तो दोष सायकलच्या नावावर जाईल.