हॉलिवूडमध्ये उघडपणे रिपब्लिकन असलेल्या कलाकाराला काम मिळतं का?

मिळतं. हॉलिवूडचा कल डेमोक्रॅटिक पक्षाकडे असला, तरी नाव आधीच मोठं असेल तर फारसा फरक पडत नाही. नवख्यांना मात्र जपून राहावं लागतं. अभिनेते-दिग्दर्शक क्लिंट ईस्टवुड यांनी २०१२ च्या रिपब्लिकन अधिवेशनात रिकाम्या खुर्चीशी बोलत ओबामांची खिल्ली उडवली (भाषण फसलं, ते सोडा). दोन वर्षांनी आलेल्या त्यांनी दिग्दर्शित केलेल्या 'अमेरिकन स्नायपर' या चित्रपटाला ऑस्करची सहा नामांकनं मिळाली. अभिनेते केल्सी ग्रामरही आपली मतं लपवत नाहीत, तरी २०२३ मध्ये त्यांची 'फ्रेझर' ही विनोदी मालिका पुन्हा सुरू झाली ती त्यांनाच घेऊन. खालच्या फळीत काम ओळखीतून मिळतं आणि नकाराचं कारण कुणी सांगत नाही, त्यामुळे भेदभाव सिद्ध करणंही अवघड. अभिनेते गॅरी सिनीस यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'फ्रेंड्स ऑफ एब' या हॉलिवूडमधल्या रूढीवादी मंडळींच्या गटाने सभासदांची नावं गुप्त ठेवली ती उगाच नाही. मात्र प्रत्येक हकालपट्टी पक्षामुळेच होते असं नाही. अभिनेत्री जीना कॅरानो यांना २०२१ मध्ये डिस्नेच्या 'द मँडलोरियन' या मालिकेतून काढलं, त्याला निमित्त झालं ते आजच्या राजकीय द्वेषाची नाझी काळातल्या ज्यूंच्या छळाशी तुलना करणारी त्यांची सोशल मीडियावरची पोस्ट. त्यांनी डिस्नेवर दावा लावला. २०२५ मध्ये तडजोड झाली.